भुताच्या जागी कोणाला बसवता?

इंदापूर तालुक्यात पळसदेव या एकाच नावाची दोन गावं आहेत. एक पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला वसलेलं, दुसरं उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि पुणे, सोलापूर व तेव्हाचा अहमदनगर अशा तीन जिल्ह्यांतली नदीकाठची गावं उठली. जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ तिथेच राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आधी शिखर दिसतं, मग मंडप, मग आजूबाजूचे वीरगळ. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला, तेव्हा देऊळ पार उघडं पडलं आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली.

ज्या गावाच्या घरादारांवरून होड्या जातात, त्या गावातल्या वाचकाने भयकथा आणि विज्ञानकथा कशी वाचावी? हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. त्याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्हींत दम आहे. म्हणून ती दोन माणसांच्या तोंडी घालतो. मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक, अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर बोललेले, विज्ञानकथाकार नारळीकरांचे निष्ठावंत वाचक. भाची बारामतीला शिकलेली, भिगवणला नोकरी करणारी, हाती लागेल ती भयकथा वाचणारी. असे मामा आणि अशी भाची आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आहेत.

मामा : तुझ्या उशाशी ही चळत बघितली. 'अंधारवारी', 'दैत्यालय', 'हाकामारी'. पोरी, मी उभी नोकरी मुलांच्या डोक्यातलं भूत काढण्यात घालवली. ओढ्यावरचं झाड, अमावास्येचा उतारा, वेशीवरचा नारळ. एकेका मुलाला हाताला धरून त्या झाडाखाली नेलं आणि म्हटलं, बघ, इथं काही नाही. आता शिकलेले लेखक तेच भूत चांगल्या कागदावर छापतात आणि शिकलेल्या मुली ते विकत घेतात. यातून तुला मिळतं काय?

भाची : मामा, तुम्ही झाडावरून उतरवलं ते भूत आणि मी वाचते ते भूत एक नाही. झाडावरचं भूत खरं आहे असं मुलांना कोणीतरी सांगितलं होतं. हृषीकेश गुप्त्यांचं पुस्तक उघडते तेव्हा ही गोष्ट आहे हे मला पहिल्या पानापासून माहीत असतं. मी मुद्दाम घाबरायला बसते. देवऋषाकडे गेलेल्या बाईला ही मोकळीक असते का? तिला तर भीती खरी म्हणूनच विकलेली असते.

मामा : मोकळीक शिकलेल्याला. बाकीच्यांचं काय? नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याची अनुसूची वाच एकदा. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरानं बांधणं, मारणं, चटके देणं. भूत आणीन अशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं. ही यादी कोणी कल्पनेनं केलेली नाही, हे सगळं आपल्या राज्यात घडत आलेलं आहे. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून गावाबाहेर काढतात. आणि तुमच्या कथांमध्ये काय असतं? तीच चेटकीण, तीच करणी, तीच केस मोकळे सोडलेली बाई. आग लागलेली असताना तेलाची बाटली कितीही सुंदर असली तरी मी ती बाजूलाच ठेवणार.

भाची : कायदा कृत्याला शिक्षा देतो मामा, गोष्टीला नाही. पण बाईबद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. चेटकीण म्हणून एखादी म्हातारी उभी करायची, तिला कुरूप करायचं आणि शेवटी जाळून टाकायचं, अशा कथा मी अर्ध्यात सोडून देते. त्या वाईट आहेत, कारण गावानं जिच्यावर आधीच दगड मारले तिच्यावरच लेखकही दगड मारतो. पण त्याच मापानं सगळ्यांना मोजू नका. तुम्ही 'लपाछपी' बघितला होता?

मामा : २०१७ चा. ऊस होता त्यात, एवढं आठवतं.

भाची : ऊसच आहे सगळा. दिवस भरत आलेली बाई नवऱ्याबरोबर उसाच्या मधोमध असलेल्या एका घरात येते. चहूबाजूंनी ऊस, त्यात लहान मुलांचे आवाज, आणि घरातली प्रेमळ वाटणारी तुळसाबाई. भूत कोण, हे आपण शेवटपर्यंत धरून बसतो. आणि कळतं काय, तर जिला आपण घाबरत होतो तिच्यावरच अत्याचार झालेला आहे. खरं भय आहे ते मुली मारणाऱ्या घराचं. विशाल फुरियांनी पुढे हीच गोष्ट हिंदीत 'छोरी' म्हणून केली. मला सांगा, ऊस बघत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला हे भूत अंधश्रद्धा शिकवतं की घरातल्या माणसांकडे नीट बघायला शिकवतं?

मामा : मग सरळ तेच सांगा ना! मुली मारू नका म्हणून सांगायला भूत कशाला? धरणग्रस्तांचं दुःख विश्वास पाटलांनी 'झाडाझडती'त मांडलं. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या कादंबरीला आहे. त्यात एक भूत नाही. सरकारी कचेरी आहे, दलाल आहे, मोबदल्यासाठी झिजलेली माणसं आहेत. उठलेल्या गावात वाढलेल्या माणसाला ते वाचताना छातीवर दगड ठेवावा लागतो. सत्याला भुताचा आधार लागत नाही.

भाची : 'झाडाझडती' मोठीच आहे. पण ती दिवसाची गोष्ट आहे. तिथे काय अन्याय झाला, कोणी केला, हे ती सांगते. आपल्या आजीनं मरेपर्यंत जुन्या घराचं नाव काढलं की आवाज का उतरवला, पाणी आटल्यावर स्वतःच्या उंबऱ्याच्या दगडावर पाय ठेवायला माणसं का कचरतात, हे कुठल्या कचेरीच्या कागदात मावत नाही. तिथे दुसऱ्या जातीची गोष्ट लागते.

मामा : ती हुरहूर आहे. तिला भय म्हणू नकोस. हुरहुरीसाठी कविता आहे, ललित लेख आहेत.

भाची : बरं, मग भयाचंच घेऊ. रात्री उसाला पाणी द्यायला कोण जातं?

मामा : आपल्यातलं कोण गेलं नाही ते विचार.

भाची : पायाखाली चिखल, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, हातात बॅटरी, आणि पाचटात काहीतरी सळसळतं. साप असेल, रानडुक्कर असेल, अलीकडे बिबट्याचं नाव निघतं. त्या माणसाची भीती खोटी आहे का?

मामा : खरी आहे. आणि म्हणूनच मी तुझ्याशी भांडतो. त्या भीतीला कारण आहे. शेतीपंपाची वीज रात्री येते, म्हणून माणूस रात्री फडात जातो. ही भीती घालवायची असेल तर दिवसा वीज मागायला हवी. तू त्या फडात हडळ बसवलीस की वाचणारा हडळीला घाबरतो आणि विजेचं वेळापत्रक करणारा सुटतो. भयकथेवरचा माझा खरा आक्षेप हा आहे. ती माणसाला घाबरवते याचं मला काही नाही. ती त्याला चुकीच्या ठिकाणी घाबरवते.

भाची : हे मी मान्य करते, मामा, आणि तेच माप मीही लावते. चांगली भयकथा भीतीच्या खऱ्या ठिकाणी नेऊन सोडते. 'तुंबाड' घ्या. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेलं, त्यातल्या म्हातारीची प्रेरणा नारायण धारपांच्या 'आजी' या कथेची. चित्रीकरण कुठलं, तर आपल्या सासवडच्या वाड्यातलंही आहे. २०१८ ला आला तेव्हा फारसा चालला नाही, २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि लोकांनी गर्दी केली. त्यात हस्तर नावाचा राक्षस आहे, मोहरा आहेत, शाप आहे. पण थिएटरबाहेर येताना हस्तराची भीती कोणाला वाटत नव्हती. वाटत होती ती विनायकाची, पोराला घेऊन त्या खड्ड्यात उतरणाऱ्या बापाची. हाव बापाकडून मुलाकडे कशी जाते, हे मी कुठल्याही भाषणात इतकं स्पष्ट ऐकलेलं नाही.

मामा : 'तुंबाड' मी पाहिला आहे. चित्रपट चांगला आहे हे नाकारत नाही. पण धारपांचं नाव काढलंस म्हणून विचारतो. त्यांचा तो समर्थ? संकट आलं की दैवी सामर्थ्याचा पुरुष येणार, मंत्र म्हणणार, दुष्ट शक्ती पळणार. ही बुवाबाजीची शिकवण नव्हे तर काय? अडचणीत सापडलेल्या माणसाला ती कथा सांगते, तू काही करू नकोस, कोणीतरी जाणकार शोध.

भाची : समर्थांच्या कथांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. लहानपणी त्या मला धीर देत, आता देत नाहीत. पण धारप म्हणजे फक्त समर्थ नव्हे. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून त्यांनी 'लुचाई' लिहिली, 'इट'वरून 'शपथ'. बाहेरचं बी आणलं आणि मराठी मातीत असं पेरलं की वाचकाला परकं वाटलं नाही. 'शपथ'मध्ये तर तारणारा कोणी नाही. लहानपणीचे मित्र मोठेपणी एकत्र येतात आणि स्वतःच त्या भयाला सामोरे जातात. आणि रत्नाकर मतकरींकडे गेलात तर कुठलाही समर्थ मदतीला येत नाही. चाळीतला, बँकेतला, दोन खोल्यांतला साधा माणूस असतो आणि भय त्याच्या स्वभावातून निघतं. हेच मतकरी नर्मदा बचाव आंदोलनाच्या बाजूने उभे राहिले होते. गूढकथा लिहिणारा माणूस बुडणाऱ्या गावांच्या बाजूने उभा राहतो, यात मला विसंगती दिसत नाही.

मामा : मतकरी १९३८ चे. आमचे नारळीकरही १९३८ चेच. एक २०२० च्या मे महिन्यात गेले, दुसरे २०२५ च्या मे महिन्यात. आता मला माझ्या माणसाबद्दल बोलू दे.

भाची : बोला. नारळीकर मीही वाचले आहेत.

मामा : वाचलेस, पण मनाला लावून घेतले नाहीस. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ, पण परीक्षकांनी नावाकडे बघून बक्षीस देऊ नये म्हणून नाव लपवलं. कथा निवडली गेली. ही सचोटी त्यांच्या लिखाणातही आहे. 'उजव्या सोंडेचा गणपती' आठवते? डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते. तुमच्या लेखकानं तिथे देवाचा कोप आणला असता. नारळीकर अवकाशाच्या पिळातून आरशासारखी उलटापालट कशी होईल ते सांगतात. अंगावर काटा तोच येतो, पण तो काटा डोकं चालवायला लावतो. याच माणसानं २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या कुंडल्या जमवल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांनी त्या ओळखायच्या. निकाल नाणं उडवून मिळेल त्याहून बरा आला नाही. गोष्ट लिहिणारा आणि चाचणी घेणारा हात एकच होता. मला असा लेखक हवा.

भाची : हे सगळं मान्य. मग माझी तक्रार ऐका. त्या कथांत आपण कुठे आहोत? शास्त्रज्ञ आहेत, प्रयोगशाळा आहे, परिषदा आहेत, दिल्लीहून येणारे फोन आहेत. संकट तज्ज्ञाला कळतं आणि तज्ज्ञच ते निवारतो. इंदापूरचा कोळी, ऊसतोडीला आलेली बीडची बाई, पाझर तलावावर खडी फोडणारा माणूस, यांच्या वाट्याला त्या कथेत एक वाक्यही येत नाही. तज्ज्ञानं येऊन आपलं भलं करायचं, या गोष्टीचं पळसदेवला काय झालं ते आपण जाणतो. नकाशावर रेघ तज्ज्ञानंच ओढली होती.

मामा : सांभाळून बोल, पोरी. १९७२ चा दुष्काळ तू ऐकलास, मी पाहिला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी भरायचो. त्या रेघेनं आपलं गाव नेलं, हे खरं. पण त्याच रेघेनं या तालुक्यात ऊस आणला, सोलापूरच्या नळाला पाणी दिलं. तुझी कॉलेजची फी उसाच्या बिलातून गेली. धरणाला राक्षस करून लिहिणं सोपं आहे. धरण नसतं तर काय, हेही लिहिता आलं पाहिजे.

भाची : राक्षस नाहीच करायचा. तुम्ही म्हणता त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि कथेला तीच जागा हवी असते. गाव देऊन ऊस मिळाला. 'तुंबाड'मधल्या मोहरेसारखंच नाही का? काहीतरी मिळतं, आणि ते खाली उतरून घ्यावं लागतं.

मामा : आम्ही हावेनं उतरलो नाही. आम्हाला उतरवलं.

भाची : हो. हे चुकलं माझं. हा फरक मोठा आहे, आणि आपली कथा 'तुंबाड'पेक्षा वेगळी व्हायला हवी ती याच फरकामुळे.

मामा : आणि विज्ञानकथेत तज्ज्ञ नेहमी जिंकतो, हेही पूर्ण खरं नाही. 'हिमप्रलय' घे. मुंबईत बर्फ पडतं, आणि आधी इशारा देणाऱ्या शास्त्रज्ञाचं कोणी ऐकलेलं नसतं. हवामान बदलाचा आज जो गजर चाललाय, त्याच्या कितीतरी आधीची ही कथा. 'वामन परत न आला' घे. खोल खणताना एका नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीची पेटी सापडते, तिच्यातल्या ज्ञानावरून वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो, आणि मग प्रश्न उभा राहतो की हा आपल्या ताब्यात राहील का. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर टीव्हीवर जे वाद चालतात ते त्या कादंबरीत येऊन गेलेत. भयकथा मागे बघते, शापाकडे, पूर्वजांकडे. विज्ञानकथा पुढे बघते.

भाची : 'वामन'मध्ये जमिनीखालून पुरलेली पेटीच निघते ना, मामा? गेलेल्या लोकांचा वारसा, आणि तो उघडला की संकट. ही जवळजवळ भयकथाच झाली. दोघींची आई एकच आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं पुढचं वर्ष युरोपात उन्हाळ्याविना गेलं. पावसानं घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं आणि त्यातून मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' निघालं, १८१८ ला छापलं गेलं. त्यात प्रयोगशाळा आहे म्हणून ती विज्ञानकथा, आणि रात्री उठून बसणारं प्रेत आहे म्हणून ती भयकथा. मूळ मात्र बिघडलेल्या हवामानात. या पुस्तकातला राक्षस तरी कोण? मानव घडवून त्याला टाकून देणारा.

मामा : हे मला पटतं. टाकून देणारा. म्हणजे तू पुन्हा माझ्याच मापाशी आलीस.

भाची : आले. तेच माप घेऊन अलीकडचे दोन चित्रपट बघा. २०२४ चा 'मुंज्या'. तुम्ही नाव ऐकूनच चिडला होतात.

मामा : चिडणारच. पिंपळावरचा मुंजा आम्ही मुलांच्या डोक्यातून काढला आणि यांनी तो हसतखेळत परत आणला.

भाची : पण तिथे मुंज्या कोण झालाय? आपल्याहून मोठ्या मुलीवर हट्ट धरून बसलेला, 'नाही' ऐकून न घेणारा, स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघालेला मुलगा. भुताच्या जागी बाईऐवजी हा हट्ट बसवला, हे मला फार आवडलं. मांडणी मध्येच विनोदात वाहून जाते, ते नाही आवडलं. त्याच आदित्य सरपोतदारांचा २०२२ चा 'झोंबिवली' घ्या. डोंबिवलीतली टोलेजंग सोसायटी, शेजारची वस्ती आणि माणसांना झोंबी करणारा रोग. त्याचं मूळ शोधत गेलं की पाण्याच्या धंद्यापर्यंत पोचतो. शेवटाकडे चित्रपट मारामारीत अडकतो. पण मूळ प्रश्न उजनीकाठच्या माणसाला सांगावा लागत नाही.

मामा : पाण्याचा.

भाची : पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी करत भीमेत येतं आणि आपल्या दारात थांबतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, शेवाळानं. जाळ्यात पूर्वीचे मासे कमी आणि चिलापी जास्त. दुरून पाखरं येतात म्हणून पुण्याची माणसं भिगवणला रोहित बघायला येतात, फोटो काढतात, आणि संध्याकाळी त्याच शहरात परत जातात जिथून हे पाणी आलं. ही गोष्ट कोणी लिहिली आहे?

मामा : लिहायची असेल तर आधी शेवाळ का वाढतं ते शिकून घे. पाण्यात नत्र आणि स्फुरद किती, ते येतं कुठून, प्राणवायू कमी झाला की मासा वर तोंड काढून का मरतो. मग लिही. पाण्यातून पिशाच निघालं असं लिहिलंस तर मी वाचणार नाही.

भाची : ते शिकेन. पण एक माणूस तरी पाण्यातून निघेलच, मामा. धरणाच्या आधी गेलेला. तो येऊन विचारेल, माझ्या घराचं तुम्ही काय केलंत? तेवढा अद्भुताचा घास मला लागेल. कारण हा प्रश्न जिवंत माणसांपैकी कोणी विचारला तर त्याला मोबदल्याचा कागद दाखवून गप्प करता येतं. गेलेल्याला करता येत नाही.

मामा : लिही. त्याला फक्त कोणाच्या अंगात येऊ देऊ नकोस.

भाची : नाही येऊ देणार. तो ज्यानं उत्तर द्यायचं त्याच्याच दारात उभा राहील.

इथे दोघांना थांबवतो. मामांचं मन पालटलं नाही आणि भाचीनं पुस्तकं टाकली नाहीत. त्यांच्या वादातून एक कसोटी मात्र निघाली, आणि ती माझ्या मते पक्की आहे. भयकथा असो वा विज्ञानकथा, लेखकानं भुताच्या जागी कोणाला बसवलं ते आधी बघावं. एकटी बाई, वेडा ठरवलेला माणूस, परका, गरीब, अपंग, यांना तिथे बसवणारी कथा कितीही कसदार लिहिलेली असो, ती अन्यायाला हातभार लावते. अशा कथेवर मामांनी आणलेला आरोप सिद्ध होतो आणि वाचकानं तो मनात ठेवायला हवा. हाव, हट्ट, मुलीचा जीव घेणारी रीत, दुसऱ्याच्या दारात घाण सोडणारी सोय, यांना तिथे बसवणारी कथा माणसाला शहाणं करते. तिच्यात भूत आहे एवढ्यावरून तिला अंधश्रद्धेच्या रांगेत उभं करणं चूक आहे.

दुसरी गोष्ट विज्ञानकथेसाठी. तिनं प्रयोगशाळेतून बाहेर पडून कालव्यावर, पंपावर, फडात यावं. मराठी विज्ञानकथेला नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांनी विचारांची शिस्त दिली. आता तिला माणसांची गर्दी हवी आहे. तज्ज्ञाचा अंदाज चुकला तर त्याची किंमत कोण मोजतो, हे ज्यांना अनुभवानं माहीत आहे ती माणसं बहुतेक गावात राहतात.

आणि तिसरी गोष्ट पळसदेव, भिगवण, कळाशी आणि उजनीकाठच्या सगळ्या नव्या वसाहतींतल्या वाचकांसाठी. जुनं गाव डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्याकडे गल्ल्या आहेत, विहिरींची नावं आहेत, उठण्याच्या दिवशी कोण रडलं आणि कोण गप्प राहिलं याच्या आठवणी आहेत, आणि त्या गावाच्या भुतांच्या गोष्टीही आहेत. त्यातलं काहीही खालच्या दर्जाचं समजू नका. वहीत उतरवा, आवाज ध्वनिमुद्रित करा, शाळेतल्या मुलांना हा दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास द्या. मग त्यावर कथा लिहा. मराठीत 'नवल' आणि 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनी अद्भुत आणि गूढ कथेला वर्षानुवर्षं जागा दिली आहे, त्यांच्याकडे पाठवा. गावच्या वाचनालयात नारळीकर आणि मतकरी एकाच फळीवर ठेवा, आणि मुलांना दोन्ही वाचू द्या. उजनीची भयकथा आणि उजनीची विज्ञानकथा अजून लिहायची आहे. ती उजनीकाठच्यांनीच लिहावी.